उतारावरचं घड्याळ

सर, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही सायकल शिकवलीत, पुढं मी पांढुर्ण्याला शाळेत खेळाची शिक्षिका झाले, मुलींना घेऊन रस्त्यावर जाऊ लागले, आणि तुमचंच काम चालवते आहे या समाधानात दिवस गेले. पण मागच्या हिवाळ्यात घाटात जे झालं ते सांगायला मला माणूस सापडत नाही. घरच्यांजवळ विषय काढला की ते म्हणतात, तुझा काय दोष त्यात. मी दोषाचं विचारत नसते.

सौंसरच्या शाळेतल्या आम्ही चौघी. सलवार साखळीत अडकू नये म्हणून तुम्ही जुन्या ट्यूबचे पट्टे कापून आमच्या घोट्यांना बांधायला द्यायचात. रविवारी सकाळी रामाकोन्याच्या पुढचा घाट चढायचा, वर टपरीवर चहा प्यायचा, आणि तुमच्या मागे एकेरी रांगेत हळूहळू खाली यायचं. एकदा मला राहवलं नाही. मी रांग सोडली, वळणावर एका बसला मागं टाकलं आणि सगळ्यांच्या आधी पायथ्याशी येऊन उभी राहिले. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. तुम्ही आलात, माझी सायकल पायथ्याच्या एका दुकानात ठेवलीत आणि मला पायी परत घाटात घेऊन गेलात. तुमचा उजवा हात कोपरात सरळ होत नसे हे आम्ही रोज बघत होतो. तो कोणत्या शर्यतीत, कशा उतारावर मोडला आणि तुमच्या पुढं असलेला मुलगा तिथून घरी कसा गेलाच नाही, हे त्या चढावर तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. जिथं मी बस ओलांडली त्या वळणावर थांबून विचारलंत, "इथं पुढं बैलगाडी असती तं तुले थांबता आलं असतं काय?"

मी नाही म्हणाले.

"मंग तू सायकल चालवून नव्हती राहिली. सायकल तुले घेऊन जाऊन राहिली होती."

त्या संध्याकाळी काकूंनी तुमच्या स्वयंपाकघरात मला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तुम्ही समोरच जेवत होतात. उठताना तुमचे कातडी हातमोजे माझ्या ताटाशेजारी ठेवलेत. थंडीत बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही, एवढंच म्हणालात.

आता आपला जिल्हा वेगळा झालाय, सर. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण आहे, आणि नव्या जिल्ह्यात काहीतरी मोठं करावं म्हणून काही उत्साही मंडळींनी सायकल शर्यत ठरवली: उमरानाल्याहून निघायचं, घाटमाथ्यापर्यंत चढायचं, घाट उतरायचा, सौंसरला संपवायचं. माझ्याकडची एक मुलगी त्यात होती. लोधीखेड्याची, कॉलेजात जाणारी. आई संत्र्याच्या बागांत तोडणीला जाते, वडील नाहीत. चढावर तिच्याइतकी चिवट मुलगी मी पाहिली नाही. आजच्या सायकली तुम्ही बघितल्या असत्या तर हादरला असतात. एका हातानं उचलता येतात, आणि उतारावर सोडल्या की वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढतात. सराव करताना मी तिला तुमच्यासारखंच रांगेत उतरवलं. पण शर्यतीत शेजारणीचं चाक आपल्या चाकापासून वीतभर अंतरावर असतं, मागची ढकलल्यासारखी येत असते, आणि हळू होणं हे हरणं असतं. म्हणून संयोजकांच्या बैठकीत मी एकच गोष्ट मागितली. घाटमाथ्यावर घड्याळ थांबवा, सगळ्यांना गाडीच्या मागे सावकाश उतरवा, पायथ्याशी पुन्हा सुरू करा. त्यांनी मान्य केलं.

शर्यतीच्या सकाळी ते बदललं. पाहुणे सौंसरला वेळेआधी येणार होते, आणि उतार हाच तर बघण्यासारखा भाग आहे असं कुणीतरी म्हणालं. मी भांडले. मुख्य संयोजक मला समजावत राहिले की सगळ्या मुली सज्ञान आहेत, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, मॅडम तुम्ही फारच घाबरता. मी मुलीला बाजूला घेतलं आणि शर्यत सोड म्हटलं. ती हातमोजे घालत होती. "मॅडम, चढात कमावलेलं सारं उतारात सोडून देऊ काय?" म्हणाली. चिडून नाही, अगदी समजूत काढल्यासारखं. मग मी म्हटलं, बरं, पण बाहेरच्या बाजूनं जाऊ नको. आणि सावकाश घ्या असं दाखवायचा झेंडा घेऊन मला नेमून दिलेल्या वळणावर गेले. रात्री तिथं कुणाचा तरी ट्रक बिघडला असावा. चाकामागं लावलेले दगड तसेच पडून होते. ते मी दरीत टाकले, बारीक खडी पायानं सारली. रस्ता दवानं ओला होता. तो पुसायला माझ्याकडं काही नव्हतं.

त्या आल्या तेव्हा आधी आवाज आला, कापड फाटत जावं तसा. सहा-सात जणी एकत्र होत्या. वळणाच्या मध्यावर सगळ्यांत पुढची मुलगी घाबरली आणि तिनं ब्रेक दाबला. मागच्या दोघी तिच्यावर पडल्या. माझी मुलगी त्यांना चुकवण्यासाठी बाहेर वळली. बाहेर गुडघ्याएवढा कठडा आहे. सायकल अलीकडं राहिली.

मी खाली उतरले ते सागाची झाडं धरधरून. ती पालापाचोळ्यात कुशीवर होती, हेल्मेट जागेवर होतं, चेहऱ्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. मी हाक मारत राहिले. वर शिट्ट्या चालू होत्या आणि मागचा घोळका त्याच वळणावरून पुढं जात होता, कारण शर्यत थांबवायची असं कुणी ठरवलेलंच नव्हतं.

अंत्यविधीनंतर लोधीखेड्याला तिच्या घरी बुद्धवंदना झाली. लोक उठून गेल्यावर तिची आई माझ्याजवळ येऊन बसली. ती रागावेल, मारेल, अशा तयारीनं मी गेले होते. तिनं विचारलं, "तुम्ही तिथंच उभ्या होत्या ना? काही बोलली काय ती?"

मी सांगितलं, काहीच नाही बोलली. तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली.

मी पोलिसांना सगळं सांगितलं, जिल्ह्याच्या साहेबांना भेटले. चौकशी सुरू आहे असं कळतं. या वर्षी शर्यत पुन्हा आहे, रस्ता तोच, कठड्याला तेवढ्या गवताच्या पेंढ्या बांधणार म्हणे. घाटमाथ्यावर घड्याळ थांबवायचं त्यांनी या वेळीही कबूल केलंय. मी माझ्या मुलींना पाठवणार नाही म्हटलं, तेव्हा त्यांतल्या तिघी दुसऱ्या प्रशिक्षकाकडं गेल्या. त्यांना अडवायला मला जमलं नाही. रविवारी उरलेल्या दोघींना घेऊन मी सावरगावच्या बाजूला सपाट रस्त्यावर जाते.

सर, हा कागद कुठं जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. पोलिसांना सांगितली नाही, तिच्या आईला सांगूच शकणार नाही. पुढच्या मुलीनं ब्रेक दाबण्याच्या आधी एक क्षण होता. माझी मुलगी वळणात शिरली, गुडघा आत, मान खाली, सायकल तिच्या अंगासोबत कललेली, आणि ती दोघींना ओलांडून पुढं येत होती. झेंडा माझ्या हातात होता. मी तो हलवायचं विसरले नव्हते, हलवतच होते. पण मनातून मी खूश झाले होते.