मामांनी मराठी केलेला कॉम्प्युटर

मामा, कॉम्प्युटर पुन्हा मराठीत आला. सांगायचं तेवढंच होतं, पण तेवढ्याने माझं भागत नाही, म्हणून लिहायला बसले. सासऱ्यांना मामा म्हणायची आपल्याकडची रीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनात बोलायचं झालं की तोंडात तीच हाक येते.

दसऱ्याची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी पडदा काळा पडला. आत थोडी घरघर झाली, मग तीही बंद. ह्यांनी, तुमच्या मुलाने, एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फोन हाय ना तुझ्याकडं? भंगारात दे आता." रागाने म्हणाले असं नाही. तुमची वस्तू समोर आली की ते असंच तुटक बोलतात. मी डबा जुन्या चादरीत गुंडाळला, देवाला हात जोडले आणि सापगावहून टमटममध्ये मांडीवर धरून शहापूरला दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदाराने झाकण काढलं आणि हसायलाच लागला. "काकू, यो कॉम्प्युटर हाय का तांदळाचा डबा?"

आत अक्षता होत्या, मामा. वाशिंदच्या कारखान्याच्या हापिसातून काढून टाकलेला हा कॉम्प्युटर तुम्ही घरी आणलात, देवघराशेजारी मांडलात आणि पहिल्या दसऱ्याला झेंडूची माळ घालून वर अक्षता वाहिल्यात. जाळीतून त्या आत पडतात हे तुमच्या ध्यानात आलं नाही, आणि तुमच्यामागे मीही दर वर्षी तसंच करत राहिले. चित्र दाखवणारं जे कार्ड असतं, त्याच्या पंख्यात दाणे अडकले, पंखा थांबला, कार्ड जळलं. दुकानदाराने सगळे दाणे पेपरवर झटकले. पिवळे होते ते माझे. खालचे, धुळीने काळे झालेले, त्यात तुमच्या हातचे असणार. तो पेपर चुरगाळायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. "राहू दे रे, मला पाहिजेत." मग तो हसला नाही.

तसलं जुनं कार्ड कुठे मिळेना. नवं बसवलं तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तुमच्या जुन्या सिस्टीमवर चालेना. अक्षरं विटेएवढी मोठी, पडद्याबाहेर गेलेली. "सिस्टीमच नवी टाकावी लागंल. फायली काढून ठेवतो बाजूला," तो म्हणाला. "पन सगलं इंग्लिशमधी येनार. चालंल ना?"

घरचे हिशेब राहणार होते, भजनी मंडळाची पदं राहणार होती. जाणार होतं ते फक्त तुम्ही केलेलं मराठी.

ती दुपार मला अजून दिसते. मी ओटा पुसतेय आणि तुम्ही हाक मारता, "ये गो, बस हितं." मी पदराला हात पुसत म्हणते, "मामा, मी मुरबाडकडची मॅट्रिक. ह्यातलं इंग्रजी मला नाय झेपायचं. काय दाबलं न् बिघडलं म्हंजे?" मग कितीतरी दुपारी तुम्ही एकटेच त्याच्याशी झटत बसता, वाशिंदला कुणाला तरी विचारून येता, पुन्हा बसता. आणि एक दिवस चष्मा कपाळावर चढवून म्हणता, "बघ, 'जतन करा' म्हनतोय तो. आता काय अडलं तुझं?" आणि खुर्चीवरून उठता. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नसे आपल्याकडे. तुम्ही मागे उभे राहिलात आणि मी बसले. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं. "बसू दे," तुम्ही म्हणालात, "तिला काम हाय."

म्हणून नवी सिस्टीम टाकून झाली, पडद्यावर सगळं इंग्रजी आलं, तेव्हा दुकानदाराला मी म्हटलं, "नाय चालणार. मला मराठीच पाहिजे. इंग्रजी मला येत नाय."

"आता कोन टाकतं मराठी, काकू?" असं म्हणत का होईना, बसला बिचारा. आधी नव्या कार्डाचा ड्रायव्हर घातला, तेव्हा अक्षरं जागेवर आली. मग भाषा उतरवायला घेतली. नेट सारखं तुटत होतं. उतरली तरी अर्धा पडदा मराठी, अर्धा इंग्रजी. शेवटी एकदा बंद करून चालू केला तेव्हा बरंचसं मराठी झालं. पण मामा, शब्द सगळे तुमच्या वेळचे नाहीत. काही ठिकाणी मला थांबून वाचावं लागतं. तुमचं होतं ते गेलंच, हे त्याच्या जागी आलेलं दुसरं आहे.

पिवळ्या अक्षता तुळशीत घातल्या. काळ्या घालवेनात.

आता दुपार आहे, मी त्याच खुर्चीवर आहे आणि मागे कुणी उभं नाही. हे लिहिलेलं मी छापणार नाही, ह्यांना दाखवणारही नाही. फक्त एक तुम्हाला सांगते. दुकानात पडद्यावर सगळं इंग्रजी आलं तेव्हा मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मामा. सगळं कळलं. कधीपासून कळायला लागलं, देव जाणे. तरी त्याला म्हटलं, मला येत नाय.