शेगडीतले डायपर

चिरंजीव,

कीर्तनात ऐकलेला नरक आज सकाळी आपल्याच घरात हुंगला. कचऱ्याचा डबा दारात असताना छकुलीचे घाणेरडे डायपर शेगडीत कोंबून कामावर जातोस? शी! सूनबाई म्हणते, महिनाभर हेच चाललंय. शेगडीचं धुराडं चिकट काजळीनं तुंबलं, धूर उलटा खोलीत आला आणि लेकरू खोकून खोकून निळं पडलं.

डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. दोघी माझ्याबरोबर मावशीकडे आहेत. शेगडी पेटवू नकोस. राख पत्र्याच्या डब्यात भरून बाहेर ठेव. वरून गार दिसली तरी पोटात निखारे असतात.

धुराडं साफ करणारा संध्याकाळी येईल. काय जाळलंस ते त्याला तूच खरं सांग, नाहीतर वरवर झाडून जाईल. मी त्याला फोनवर ‘ओली लाकडं जाळली’ म्हणाले. तुझी लाज झाकायला या वयात खोटं बोलले रे.

आई