आईच्या घरचं पाणी

५ जाने., सोम.
पाचवा महिना लागला. थायरॉइड परत बिघडलंय. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. मग विचारलं, "लहानपण कुठे गेलं?" डोंबिवली, एमआयडीसीच्या मागे. पाणी? बोअरचं, लग्न होईपर्यंत. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, कारखान्यांची काही रसायनं वर्षानुवर्षं अंगातून जात नाहीत, हार्मोन्समध्ये लुडबूड करतात. आणि सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं. "तुमचं त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. सांगताच येत नाही. पण बाळंतपणाला तिकडे जाल तर ते पाणी नको."
मागचं बाळ तिसऱ्यात गेलेलं, त्याचं विचारायचं होतं. फाइल उचलून निघाले.

८ जाने.
आईचा फोन. "खिडकीजवळची कॉट तुझी. डिंक आणून ठेवलाय. आठवा लागला की लगेच ये हं." हो म्हटलं.
जायचंच आहे मला. दुपारी तिच्या पाठीला लागून झोपायचंय. तिच्या हातचं कुळथाचं पिठलं, मऊ भात. आमच्या बाळकुमच्या घरात, बाराव्या मजल्यावर, सगळं आहे. फक्त आई...

११ जाने., रवि.
डोंबिवलीला गेलेलो. सचिनने गाडीतून पाण्याचा मोठा जार नेलेला. आईने जावयाच्या हातात तो बघितला.
"हे काय गं?"
सांगितलं. जमेल तसं.
"मी उकळून द्यायचे ना. एक दिवस चुकवलं नाही."
"आई, उकळून जंतू मरतात. हे नाही जात."
ती खाली बसली. मग म्हणाली, "बाबा कंपनीतनं यायचे, बाह्या रंगाने निळ्या झालेल्या. ते कपडे मी तुझ्या दुपट्यांबरोबरच धुवायचे." सचिन जार उचलून आत गेला.
"म्हणजे मीच पाजलं."
"तसं नाही गं."
"मग कसं?"
निघताना दारापर्यंतही आली नाही.

१४ जाने.
संक्रांत. फोन नाही. मी केला, उचलला नाही. आईच्या शेजारच्या काकूंना केला. "बरी आहे, तिळगूळ देऊन गेली," म्हणाल्या. मला सोडून सगळ्यांना.

१९ जाने.
आज हललं! ऑफिसात, वागळे इस्टेटला, टेबलाशी बसलेले. आतून कुणीतरी हळूच टिचकी मारल्यासारखं. पहिल्यांदा आईलाच सांगायचं होतं. रिंग वाजत राहिली. संध्याकाळपर्यंत सचिनलाही सांगितलं नाही, तिच्यासाठी धरून ठेवलं. मग सांगितलं. तो रडला. मी नाही.

२४ जाने., शनि.
बेल वाजली, दारात आई. दोन बस बदलून आलेली. पिशवीत डिंक.
"बाळंतपण इथेच करू. मी येईन राहायला."
मी तिचा हात धरून पोटावर ठेवायला गेले. तिने मागे घेतला. "डॉक्टरला विचारलंस का? मी हात लावलेला चालेल ना?"
असं कधी रडले नव्हते मी. "हाताने काय होतंय, आई!" मग तिने ठेवला. नेमकं त्याच वेळी बाळ गप्प. आम्ही दोघी वाट बघत बसलो.

२६ जाने.
आई परत गेली. थांब म्हटलं, इथलंच पाणी पी. "माझं घर आहे गं ते," म्हणाली. शिवाय काकूंच्या सुनेला सहावा आहे. ती अजून बोअरचंच पिते, टँकर येईल त्या दिवशी टँकरचं.
"तिला सांगू का मी? सांगून काय करेल ती? ती कुठे जाणार?"
आईची साडी बाथरूममध्ये राहिलीये. धुतली नाही.

२ फेब्रु., सोम.
सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या. दूध पाजायचं का, तेही डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. "बिनधास्त पाजा, फायदाच जास्त," म्हणाल्या. मनात तरी एक कोपरा...
आईचा फोन आला, आपणहून. काकूंच्या सुनेला घेऊन बसलेली. "हिला डॉक्टरांचं नाव सांग. आणि ते पाण्याचं तूच नीट सांग, मला जमत नाही."
सुनेने फोन घेतला. एकवीस-बावीसची असेल. "ताई," म्हणाली, "आधी सांगा, तुमचं बाळ हलतं का?"