यंदा आयवार केला नाही

१७ सप्टेंबर. पादेय.
उद्या प्रस्थान. तिसा नदीने खाली, पुढे डॅन्यूबने थेट काळ्या समुद्रापर्यंत. सोबत पत्नी मिलुंका. नौका स्वतःची, नाव ‘अ‍ॅडमिरल’. मिलुंका तिला ‘डुकरांची डोण’ म्हणते. तो तिचा विनोद आहे.
माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु आमचे मास्तर एका चुकीच्या अक्षराला एक छडी देत. सबब ही रोजनिशी शुद्ध राहील. अनुभवाचे म्हणाल तर निवृत्तीपर्यंत गावचा तराफा या तीरावरून त्या तीरावर मीच नेला. तराफा लोखंडी दोराला बांधलेला असे, हे खरे. परंतु दोर कोणाच्या तरी देखरेखीखाली असावाच लागतो.
सायंकाळी शेजारीण पेर्सा कुंपणावरून म्हणाली, “काय गं मिलुंका, सगळ्या गल्लीत मिरच्या भाजल्याचा धूर आणि तुझी चूल थंड? आयवार नाही, लोणचं नाही. हिवाळ्यात काय नवऱ्याला खाणार?” मिलुंका म्हणाली, “नको बाई, कडू आहे.” दोघी हसल्या.
लग्नापासून आमच्या तळघरात आयवारची, म्हणजे भाजून दळलेल्या तांबड्या मिरच्यांच्या चटणीची, हिवाळ्यासाठी बेगमी झाली नाही, असे प्रथमच घडत आहे. प्रवासामुळे वेळ मिळाला नाही, असे मी पेर्सास समजावून सांगितले. मिलुंका काही बोलली नाही. मी तो होकार धरला.

१८ सप्टेंबर. सकाळ.
मिलुंकाच्या सामानात पिसांची रजई, लोकरी बूट आणि मिरच्या दळण्याचे बिडाचे यंत्र. समुद्रावर यंत्र कशाला, असे विचारले. म्हणाली, “राहू दे.” बरोबर आहे, वजनाने नौका स्थिर राहील.
ती पुनःपुन्हा एकच सांगते: “दुब्राविचापर्यंत येते, स्तामेनाकडे. पुढचं मला विचारू नकोस.” स्तामेना ही तिची धाकटी बहीण, विधवा. मी पुढचे विचारले नाही. म्हणजे पुढचे ठरलेच.

१९ सप्टेंबर. नोवी बेचेय.
येथे धरणाच्या दरवाजांतून नौका खाली उतरवितात. मी शिस्तीने, तराफ्याप्रमाणे, नौका आडवी बांधली. वरून कर्मचारी ओरडला, “ओ आजोबा, दार समोर आहे! भिंतीतून काय जाताय?” मागे माल वाहणारी बोट खोळंबली होती. मिलुंकाने शेवटी दोर सोडला व काठीने नौका सरळ केली. नवशिक्यास जमावे इतके ते सोपे असल्याचे सिद्ध झाले.

२४ सप्टेंबर. तितेल.
प्रगती समाधानकारक. मात्र हात सवयीने नौका समोरच्या तीराला नेतो. आज दुपारी पुन्हा समोरच्या तीराला लागलो. मिलुंका विणकामातून मान वर न करता म्हणाली, “कोणी उतरायचंय का?”
संकल्प: उद्यापासून सरळ.

२८ सप्टेंबर. झेमून.
डॅन्यूब. रुंद आहे. उजवा तीर धरून चाललो आहोत. डावा तीर मोहात पाडतो.
मासळीचा रस्सा मी केला. मिलुंकाने पाव खाल्ला.
थंडी वाढली. बोटे बधिर. इतरत्र काही जाणवत नाही.
तिला माझी गरज आहे याचा पुरावा आजच मिळाला: मधाच्या बरणीचे झाकण तिला उघडेना. मी उघडले. लग्नापासून घरातील झाकणे मीच उघडतो.

२ ऑक्टोबर. दुब्राविचा.
धूर नदीवरूनच दिसला. स्तामेनाच्या अंगणात तांबड्या मिरच्यांची पोती. “या दाजी, या कप्तानसाहेब! बुडाला नाहीत म्हणजे कमालच!” मी टोपी काढून नमस्कार केला.
मी नौका बांधून वर येईपर्यंत मिलुंका चुलीपाशी बसून मिरच्या सोलत होती. यंत्र टेबलाला बसविलेले होते. बहिणीस मदत करणे हे तिचे कर्तव्यच आहे. परवा निघू. मी सुचविले की निघताना दोन बरण्या नौकेवर घ्याव्यात. स्तामेना म्हणाली, “दाजी, तिची रजईसुद्धा वर आलीय.” दमट झाली असावी.

४ ऑक्टोबर.
कोशावा सुटला आहे. पूर्वेचा वारा; नौका हलविणे अशक्य. मुक्कामाचा निर्णय योग्य वेळी झाला.
मिलुंका म्हणाली, “मी परत येत नाही.” मी म्हणालो, परत कोण जाते? आपण पुढे जात आहोत. “पुढंही नाही. इथंच.”
कारण विचारावे की नाही, हा विचार मी करीत होतो, तोच ती म्हणाली, “जन्मभर तू या काठावरून त्या काठावर गेलास आणि घरी येऊन पाणी किती चढलं ते सांगितलंस. मी कशी आहे, हे एकदा तरी विचारलंस?”
मी निदर्शनास आणले की पाण्याची पातळी खात्याला कळवावी लागे.
ती कढईतला आयवार ढवळू लागली. तो सतत ढवळावा लागतो, नाहीतर खाली लागतो. संभाषण त्यामुळे थांबले.

७ ऑक्टोबर.
हा वारा माणसांची डोकी फिरवितो, हे सर्वमान्य आहे. वारा पडला की तीही शांत होईल. तोवर मी नौकेवरच निजतो. स्तामेनाने आपण होऊन अंथरुणात ठेवायला गरम विटा पाठविल्या.

९ ऑक्टोबर.
वारा पडला. मिलुंका शांतच होती. रजई वरच आहे.

१० ऑक्टोबर.
एकट्याने समुद्राकडे प्रस्थान. तीरावर दोघी बरण्या पुसत होत्या. मी निरोपाचे काही बोललो नाही. अशा प्रसंगी शब्द जपून वापरावेत.
मध्य प्रवाहापर्यंत सर्व व्यवस्थित. त्यानंतर समोरचा तीर लागला. थोडा वेळ थांबलो. कोणी चढले नाही. परत आलो.
मिलुंका विचारील, उतारू कुठे आहेत, असे वाटले होते. तिने विचारले नाही. तिने एक बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “सकाळी बस आहे.”
कशी आहेस, असे विचारायचे ठरविले होते. बसची वेळ विचारली.

११ ऑक्टोबर. पादेय.
नौका दुब्राविचास ठेवली आहे. देखरेखीस मिलुंका आहे.
पेर्साने कुंपणावरून विचारले, “कसा होता समुद्र?” मी सांगितले, मोठा होता. “आणि मिलुंका?” मी सांगितले, बरी आहे.
तळघरात गेलो. रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या ठेवलेल्या. केव्हा ठेवल्या, कल्पना नाही. पेपर अंथरून आयवारची बरणी मधोमध ठेवली. एक आहे. एका माणसास पुरेल.
रात्री पावाबरोबर खावा म्हणून वर आणली. झाकण उघडले नाही. फडक्याने धरले, गरम पाणी ओतले. तिने एकटीने लावले असावे.
पाव तसाच खाल्ला. उद्या पुन्हा प्रयत्न.