लाल रुमालातलं विमा-कार्ड

लष्कर शहर, मंगळवार, नोव्हेंबर १९५६

काकांना आज पण विमा-दवाखान्यात नेता आलं नाही. गिरणीतल्या कापसानं छाती भरलीय, खोकल्यातून रक्त येतंय, आणि कार्ड मात्र देवघरात, लाल रुमालात, आजोबांच्या इनामाच्या सनदेशेजारी. त्यावर मध्यभारत छापलंय. ते राज्यच या महिन्यात दुसऱ्यात विलीन होऊन गेलं, मग कार्ड कसलं चालतंय, म्हणतात काका.

म्हणून दुपारी मीच कार्ड घेऊन निघालो. वाटेत नया बाजारात एक पेंटर पाटीवरचं राज्याचं जुनं नाव खरडत होता, तिथेच तासभर बघत उभा राहिलो. मी असाच. दवाखान्यातला बाबू म्हणाला, "चलेगा भैया, बिल्कुल चलेगा. मरीज़ को लाओ."

धावत घरी येऊन सांगितलं. काका हसले, मग बराच वेळ खोकले. लाल रुमाल सोडून सनद माझ्यापुढे धरली.

"वाच, बंडू. चंद्रसूर्य आहेत तोवर इनाम चालेल, असंच लिहिलंय ना? चंद्र तर अजून आहे. इनाम कुठाय?"

त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन परत रुमालात बांधलं, नमस्कार केला. म्हणाले, "सकाळची पाळी आहे. लवकर उठव."

उठवू का नको?