डोहाची चौकशी

गुरुवार संध्याकाळ, कोथरूड

शनिवारी सगळ्यांनी रान तुडवत डोहावर जायचं, पोहायचं आणि रात्री तिथेच तंबूत मुक्काम. आमच्या समीरने ठरवलंय. त्याची पोर इरा आत्तापासूनच पोहण्याचा नवा ड्रेस घालून घरभर फिरतेय. मग मलाच चैन का नाही?

दुपारी तंबूवाल्याशी मीच फोनवर बोललो. जेवण, शेकोटी, गाडी कुठे लावायची, सगळ्याची पटापट उत्तरं. सहज विचारलं, "तुमची पोरं पोहतात ना डोहात?" गडी थबकला. मग म्हणाला, "आमची विहिरीवर जात्यात, साहेब."

विहिरीवर. दाराशी डोह असताना? मार्केट यार्डात आयुष्य गेलं माझं. विकणारा स्वतः फोड तोंडात टाकत नसेल, तर त्या ढिगाला मी हात लावत नाही.

समीरला सांगितलं तर हसला. "बाबा, डोह आहे तो, कलिंगड नाही." मला पटवायला स्पीकरवर पुन्हा फोन लावला. "बिनधास्त या, कमरेएवढंच पाणी हाय." इराने टाळ्या पिटल्या. त्या गोंगाटात तंबूवाल्याच्या मागून एक बाई हलकेच म्हणाली, "बारकी पोरगी हाय वाटतं. नको म्हना त्यांना." तेवढ्यात फोन बंद.

माझ्याशिवाय कुणीच ऐकलं नाही. आणि मी गप्प बसलो. का? इराचं तोंड बघून?

विहिरीवर जातात म्हणे.

सकाळी सरळ नाही म्हणणार आहे. समीर चिडेल, इरा महिनाभर बोलणार नाही. चालेल. रुसायला पोर घरात हवी.