संध्याकाळचं पाणी

९ एप्रिल
सकाळी आठ. ०.४२ मीटर. पाणी अजून हिरवं, तळाचा गोटा न गोटा दिसतोय. वरचा बर्फ हललेला नाही.

आज पुलाचे इंजिनीअर आले. इतका चढ चढून आले तरी शर्टाला एक सुरकुती नाही! मी त्यांचं नाव ठेवलं — इस्त्रीवाले साहेब. नकाशा पसरला. माझ्या पाणी मोजायच्या चौकीच्या चाळीस वर्षांच्या नोंदींत सगळ्यात मोठं पाणी १.७०, त्यावर ऐंशी सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे पुलाचा तळ अडीच मीटरवर.

मी म्हटलं, “साहेब, हे सकाळी आठचं पाणी आहे.”
“हो, नोंद आठचीच असते.”
हो ना! तेच तर सांगतेय!

१० एप्रिल
काल डोकं इतकं तापलं होतं की नीट लिहिलंच नाही.

आमची नदी सकाळी झोपलेली असते. उन्हाळ्यात दुपारचं ऊन वरच्या बर्फाला लागतं, पाणी सुटतं, वाटेत पूर्वेचा ओढा मिळतो, आणि हे सगळं आमच्या घळीत पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा-सात वाजतात. घळ अरुंद. पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. रात्रभर ओसरतं. आणि खातं मोजतं कधी? सकाळी आठला! झोपलेल्या माणसाची उंची घ्यावी तसं.

जुना लाकडी पूल असाच एका संध्याकाळी गेला. मी दहा वर्षांची होते. तेव्हापासून दवाखाना समोरच्या काठावर दिसतो, पण गाठायला तीन तासांचा वळसा. आता कुठे नवा पूल मिळतोय, आणि तोही वाहून जायला? माझ्या डोळ्यांदेखत? नाही!

१४ एप्रिल
ट्रंकेतून बाबांच्या वह्या काढल्या. माझ्याआधी तेवीस वर्षं चौकी त्यांच्याकडे होती. सकाळची नोंद सरकारी रजिस्टरात, पण या अकरा वह्या वेगळ्या. मुखपृष्ठावर बाबांच्या अक्षरात साल आणि ‘संध्याकाळ’. आत फक्त आकडे, एक दिवस एक ओळ. एक शब्द म्हणून नाही! बाबा बोलण्यातही काटकसरी. आकडेसुद्धा तुटक, मोजपट्टीवर साच्याने रंगवलेत तसे, मध्ये फट ठेवून.

सगळ्यात मोठा आकडा २.६५. शेजारी एक छोटा गोल, त्यावर कमान. सूर्य असावा. फार तापला असेल त्या दिवशी.

गंमत म्हणजे बाबा अंधार पडायच्या आत घरात! ‘घरकोंबडा’ म्हणायची आई त्यांना. मग नदीवर उतरायचे कधी? मी अभ्यासाच्या नावाखाली पेंगत असायचे, मला काय दिसणार! आईला विचारावं तर ती भांडी वाजवत म्हणाली, “मला काय कळतं तुमच्या नदीतलं! वह्या झाकून ठेव, ओल लागेल.”

२ मे
वह्यांतले आकडे खात्याला पाठवले होते, त्याचं उत्तर आलं. ‘अनधिकृत नोंदी ग्राह्य धरता येणार नाहीत.’ एक ओळ! अकरा उन्हाळ्यांना एक ओळ!

१९ मे
सकाळ १.०५. संध्याकाळ १.३८. पाणी गढूळ झालं, खालच्या उतारांवरचा बर्फ सुटला. अजून वरचा जुना बर्फ बाकी आहे. तो जूनमध्ये उठेल. तेव्हा बघू कोण ग्राह्य नि कोण अग्राह्य.

११ जून
पाणी राखाडी! दुधात राख कालवल्यासारखं. म्हणजे वरचा जुना बर्फ सुटला. सकाळ १.३१, संध्याकाळ २.०८.

तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी थेट मुख्य अभियंत्यांना, ज्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. म्हटलं, “बाई, माझ्या वह्या मानू नका. फक्त एक दिवस संध्याकाळपर्यंत थांबा.” त्यांनी सकाळ-संध्याकाळचे आकडे पुन्हा विचारले. मग, “आकाश कधी निरभ्र असेल तेव्हा कळवा.”

आई दारातूनच म्हणाली, “पाणवठ्यावरचा काळा दगड बुडाला का? तो बुडाल्यावर आठ दिवसांनी बोलाव.” आईला नदी कळत नाही, पण तिचा दगड तिला बरोबर कळतो.

२६ जून
काळा दगड बुडाला. पाच दिवस ढग नाही. कळवलं.

४ जुलै
काय दिवस! 

सकाळी आठला मोठ्या बाई हजर, मागे इस्त्रीवाले साहेब. पाणी १.६२. साहेबांनी पाण्यातल्या मोजपट्टीच्या खांबाला अडीच मीटरवर लाल फीत बांधली. “इथे पुलाचा तळ. बघा, अजून किती जागा आहे!” दुपारी दोनला पाणी तेवढंच. साहेब घड्याळ बघायला लागले. मोठ्या बाई दगडावर बसून वह्या चाळत होत्या. गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे काय?” म्हटलं, “सूर्य असावा.”

चारला १.८०. पाचला २.१५. आवाज बदलला, तळातले गोटे गडगडायला लागले. साहेब दोन पायऱ्या मागे सरकले, मग आणखी तीन. सहाला २.४१.   नेमकं आजच नदीने हात आखडता घेतला तर?

सहा चाळीस. लाटेनं फीत चाटली. मग दुसरी लाट. मग फीत दिसेचना!

मी ओरडले. चौकीवर नोकरी करणारी मी, दोन अधिकाऱ्यांसमोर उड्या मारून ओरडले — “बुडाली! पूल बुडाला!” पाणी २.५४ पर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. साहेबांचे बूट, मोजे, विजार, सगळं गुडघ्यापर्यंत राखाडी. ते बिचारे स्वतःच हसले. “माझं चुकलं,” म्हणाले. स्पष्ट म्हणाले, आडपडदा नाही. त्यांचं टोपणनाव आजपासून बंद.

मोठ्या बाईंनी रजिस्टर मागितलं. ‘सायंकाळ ६.५५ — २.५४’ लिहून खाली सही केली. चाळीस वर्षांतली पहिली अधिकृत संध्याकाळ!

५ जुलै
घसा बसलाय. जगाला कळू दे का बसलाय!

२३ जुलै
पत्र आलं. पुलाचा तळ चार मीटरवर! नव्या रजिस्टरात संध्याकाळचा रकाना छापून येणार. आणि पुलाच्या तोंडाशी पाटी: ‘ज्यांच्या सायंकाळच्या नोंदींमुळे हा पूल उंच झाला’, खाली बाबांचं नाव. मी चौकीत एकटीच बसून पोटभर रडले. बाबा, जिंकलो आपण!

२४ जुलै
पाटीचा मजकूर आईला वाचून दाखवला. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “चांगलं झालं गं. पण त्यांना संध्याकाळी कुठलं दिसायला? रातांधळे होते. खात्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती. मीच जायचे पाण्याला, येताना आकडा बघून यायचे. शाळा कुठे शिकले मी! त्या पट्टीवरूनच आकडे गिरवले.”

मी वही उघडून २.६५ शेजारच्या गोलावर बोट ठेवलं.

“सूर्य कसला!” आई म्हणाली. “बादली आहे ती माझी. त्या दिवशी वाहून गेली.”